न विचारलेलं ‘नाही’

काकूंचं काम म्हणजे माणसांना प्रश्न विचारणं. पुरात घर गेलेली माणसं मदत केंद्रात आली, की पहिली गाठ काकूंशी पडायची. नाव काय, वय किती, घरात कोण कोण, पांघरूण हवंय का. शेवटचा प्रश्न ठरलेला: “नातेवाइकांनी चौकशी केली, तर तुम्ही इथे आहात असं सांगू का?” इथे माणसं हमखास अडखळायची. ज्याला न विचारता पाण्यानं सगळं नेलं, त्याला कुणी परवानगी विचारली तर तो बावचळणारच.

शेजारचं टेबल माझं, शोधाचं. हरवलेल्या माणसाचं नाव मी संगणकात घालायची, पण माहिती द्यायची की नाही हे ठरवायचा एक प्रोग्राम. माहिती कुणाची, मागतंय कोण, कशासाठी, आणि नोंदणीत त्या माणसानं काय सांगितलं होतं, हे सगळं तो नियमांशी ताडून बघायचा आणि बहुतेक वेळा नाक मुरडायचा. म्हणून आम्ही त्याला सासूबाई म्हणायचो. “सासूबाईंना विचारलंत का?” असं साहेबसुद्धा म्हणायचे.

काकू या थट्टेत कधी हसल्या नाहीत. माझी जीभ तशी तिखट. बाई शिष्ट दिसते, असं मी एकदा बोलूनही गेले. त्यांच्या लेकीचं मला नंतर कळलं.

लेक सासरहून दोनदा निघून आली होती, दुसऱ्यांदा तर गाल सुजवून. काकूंनी तिला जेवायला वाढलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन पोचवलं. “एका हातानं टाळी वाजत नाही, असं म्हणाले मी तिला,” काकूंनी मला सांगितलं. “जावयासमोर म्हणाले.” पुढे पाणी आलं. जावई वाचला. बायको आदल्या रात्रीच भांडून घराबाहेर पडली होती, एवढंच त्याला सांगता आलं. काकू या नोकरीला लागल्या त्या एवढ्याचसाठी. जी वाचली असेल ती कधी ना कधी अशाच एका टेबलासमोर बसेल, असा त्यांचा हिशेब होता.

सगळ्या केंद्रांच्या नोंदी एकमेकांना जोडलेल्या होत्या. दर सोमवारी गर्दी ओसरली की काकू खुर्ची सरकवून माझ्याकडे यायच्या. “बघ ना गं एकदा.” मी नाव घालायची. पडद्यावर यायचं: नोंद नाही. “असू दे,” म्हणून त्या चहा आणायला जायच्या आणि मला विचारून साखर घालायच्या, जसं काही तेवढंच विचारायला आल्या होत्या.

एका सोमवारी वेगळे शब्द आले: परवानगी नाही.

फरक आम्हा दोघींनाही लगेच कळला. जी कुठेच नाही, तिची परवानगी कोण तपासणार? “काकू, आहे ती,” मी म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली. चेहरा उजळला, आणि बघता बघता विझला.

“नाही म्हणाली का गं ती?”

‘परवानगी नाही’चे दोन अर्थ होऊ शकत होते, हे काकूंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रांग लांब असली की तो शेवटचा प्रश्न आम्ही गाळत असू. जागा रिकामी राहिली, की सासूबाई ‘नाही’ समजायच्या. सगळ्या केंद्रांतल्या नव्या मुलींना हे काकूंनीच शिकवलं होतं. “वेळ नसेल तर सोडा. न विचारलेलं ‘नाही’च धरतात. ‘नाही’नं कुणाचं काही बिघडत नाही.”

“कुणी विचारलंच नसेल, काकू.”

“किंवा विचारलं असेल.”

आम्ही केंद्राचे संगणक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडे गेलो. पोरगा सज्जन होता. “ती खरंच नाही म्हणाली की जागा रिकामी राहिली, हे बघायलासुद्धा कारण द्यावं लागतं,” तो म्हणाला. त्यानं मान्य कारणं दाखवली. वाटप, औषधोपचार, लहान मुलांना पालकांकडे पोचवणं. आईला जाणून घ्यायचंय, हे कारण त्यात नव्हतं. मला संताप आला. काकू मात्र नुसत्या मान हलवत राहिल्या.

त्याच आठवड्यात जावई माझ्या रांगेत दिसला. स्वच्छ शर्ट, नीट भांग, हातात बायकोचा फोटो. मागच्या म्हाताऱ्याला त्यानं आपली खुर्चीही दिली. काकूंना बघून तो पाया पडायला वाकला. “आई, काही कळलं का?”

“नाही,” काकू म्हणाल्या.

मी त्याला संगणक बंद असल्याचं सांगून उद्या यायला सांगितलं. तो गेला. काकू माझ्या टेबलाजवळ आल्या. “उद्या त्यालाही तेच दोन शब्द दिसतील,” त्या म्हणाल्या. “मग तो एकेक केंद्र पालथं घालेल.” आणि उठून तडक तंत्रज्ञाकडे गेल्या. मी मागोमाग धावले. “काकू, थांबा. ती जिवंत असल्याची तुमच्याकडे तेवढीच एक खूण आहे.” त्या थांबल्या नाहीत.

त्यांचं बोलणं ऐकून पोरगा चमकला. “हे लक्षातच आलं नव्हतं. जी गोष्ट लपवायची, तिचीच चहाडी चाललीय.” तो कामाला बसला. दुपारपर्यंत ‘नोंद नाही’ आणि ‘परवानगी नाही’ या दोन्ही उत्तरांचं त्यानं एकच करून टाकलं.

“खात्री करून घेऊ. एक खोटं नाव सांगा.”

काकूंनी मनाला येईल ते सांगितलं. पडद्यावर आलं: उत्तर देता येत नाही.

“आता एक खरं.”

काकूंनी लेकीचं नाव सांगितलं. स्पष्ट, सावकाश, नोंदणीच्या टेबलावर सांगावं तसं. उत्तर देता येत नाही.

पोरानं दोन्ही ओळी एकाखाली एक लावून पडदा त्यांच्याकडे वळवला. “नीट बघा काकू. काही फरक दिसतो?”

काकू वाकल्या. चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या.