लेकीच्या बागेत मेंढरं

शिष्यवृत्ती म्हणजे फुकटचं शिक्षण, असा आमच्या घरात समज होता. कॉलेजनं पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात बादली देऊन तो दूर केला. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येकानं कॉलेजचं काही ना काही काम करायचं, अशी अट होती. कुणाला ग्रंथालय मिळालं, कुणाला प्रयोगशाळा. मी धनगराची पोर, म्हणून (उघड्यावर राहायची सवय असेल असं समजून बहुधा) मला बाग मिळाली.

बाग म्हणजे मुरमाड पटांगणाच्या कडेला लावलेली लिंबाची आणि करंजाची गुडघाभर रोपं. त्यात दुष्काळ. तेव्हा औरंगाबादेत नळाचं पाणी पाहुण्यासारखं यायचं. आलं की सगळ्यांची धावपळ. मी होस्टेलच्या मुलींचं अंघोळीचं पाणी धरून रोपांना घालायची. एखादी फार वेळ साबण चोळत बसली की मी बाहेरून दार वाजवायची. "अगं, करंजाला एवढा साबण सोसत नाही!"

बागेचे सर रोज बजावायचे, "झाडं जगली तर शिष्यवृत्ती जगेल." आणि शिष्यवृत्ती गेली की मी परत गावी, कन्नडला, कळपामागं. मला ते नको होतं. माझ्या वडिलांना, आबांना, त्याहून नको होतं. "आमची पायपीट झाली तेवढी बास," म्हणायचे.

पण ज्यांनी एवढ्या हौसेनं शिकायला धाडलं, त्यांना बादलीचं कसं सांगणार? मी ऐटीत सांगितलं, "आबा, कॉलेजनं अख्खी बाग माझ्या ताब्यात दिलीय."

चूक तिथंच झाली.

त्या उन्हाळ्यात आबा चाऱ्यासाठी कळप घेऊन औरंगाबादेजवळ शेंद्र्याकडं आले. तिथं जिकडंतिकडं कंपन्यांची तारेची कुंपणं. मेंढरं बसवायला रान नाही. आमच्याकडं शेतकरी धनगराला बोलावून मेंढरं रात्रभर शेतात बसवून घेतो, लेंड्यांचं खत होतं म्हणून, आणि वर ज्वारीही देतो. आबांना लेकीचं रान आठवलं. एका सकाळी मी बादली घेऊन गेले, तर बागेत अख्खा कळप निवांत रवंथ करत बसलेला. रोपांच्या जागी नुसत्या काड्या.

"चाचा, यांना आत कुणी सोडलं?" मी वॉचमनना विचारलं.

"मैंच छोडा ना. बडे मियाँ बोले, बेटी का बाग है. मैं बोला, फिर तो घर का मामला है."

आबा कौतुकानं पुढं आले. "लई हलकं रान हाय तुझं. खताबिगर काय येणार तितं?"

"आबा, झाडं कुठायत?"

"कंची झाडं?"

मी एक काडी दाखवली. आबांनी ती निरखून पाहिली. "ही झाडं व्हय? मला वाटलं, तण माजलंय."

अख्ख्या होस्टेलच्या अंघोळी घालून वाढवलेलं तण! मला रडू फुटलं, आणि तेवढ्यात सर आले.

आबा म्हणाले, "रामराम साहेब. लेकीचं कॉलेज, म्हून एक दाणा मागणार नाय." मग माझ्याकडं पाहून त्यांना सगळा उलगडा झाला. डोक्यावरचा पटका त्यांनी हातात घेतला. "साहेब, मेंढरं आत्ता हाकलतो. पन पोरीचं शिक्षन तोडू नगा."

सर खाली बसले, एक लेंडी उचलून बोटांत चुरली. (शेतकऱ्याच्या पोराला पीएचडी मिळाली तरी ही खोड जात नाही.)

"हाकलू नका," सर म्हणाले. "पाऊस पडला की नवी रोपं लावू. तोवर उरलेल्या पटांगणावर बसवा. फक्त कुणीतरी यांना प्राचार्यांच्या गुलाबांपासून लांब ठेवायला हवं."

आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हे काम शिष्यवृत्तीत धरू."

पुढचे कित्येक दिवस आमचा वर्ग खिडकीतून पाहत होता, आणि मी सलवार-कमीज घालून, हातात काठी घेऊन "हुर्र, हुर्र" करत होते. आबा चाचांबरोबर सावलीत चहा पीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लेक शिकती हाय."

मेंढरांपासून सुटका व्हावी म्हणून आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मेंढरं वळायला शिष्यवृत्ती मिळालेलीही पहिलीच.