आभार राहिलेली सभा

“लोक महाबळेश्वरला जातात, आमची बाई सभेला निघाली!” असं म्हणत नवऱ्याने माझी पिशवी एसटीत चढवली. डोंगर आणि समुद्र मी पुष्कळ पाहिलेत. सरकारची समिती गावात येऊन नागरी हक्कांबद्दल लोकांचं म्हणणं कशी ऐकते, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. केंदूरच्या सुशीलाने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, फोनवर सांगितलं होतं, “ये तर खरी, आमच्या मामाच्या गावाला सभा हाय.”

कोरेगाव भीमाला ती स्कूटी घेऊन उभीच होती. वाट वाकडी करून वढू बुद्रुकला गेलो आणि संभाजी महाराजांच्या समाधीवर माथा टेकवला. संध्याकाळी केंदूर गाठलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि वर कच्चा कांदा. दोन भाकऱ्यांवर हात आखडता घेतला, तर सुशीलाची सासू म्हणाली, “पुण्याची माणसं चिमणीवानी खात्यात.” मग तिसरीही खाल्ली. न खाऊन सांगते कुणाला?

सकाळी दव असतानाच झेंडू तोडायला गेले. सुशीलाच्या अर्ध्या रानात झेंडूच आहे. “एवढी फुलं कशाला?” मी विचारलं.

“सत्काराला! मामाच्या गावात पहिल्यांदा समिती येतीय. हार नगंत व्हय?”

शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे करत आम्ही भीमा ओलांडली आणि दौंड तालुक्यात शिरलो. वाटेत उसाच्या ट्रॉलीतून लोंबणाऱ्या वाढ्याचा (उसाच्या हिरव्या शेंड्याचा) असा सपकारा बसला की माझा चष्मा उडून थेट डांबरावर. काडी मोडली. सुशीलाने केसांतली पिन काढून ती जोडून दिली आणि वर पोट धरून हसली. मामाचं गाव राहूच्या अलीकडे आहे, नाव लिहीत नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. समिती तीन जणांची. तिचं काम सल्ला देण्याचं, हुकूम काढण्याचं नव्हे. अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका, आवाज मऊ पण नजर वर्गावर असावी तशी. माईक सुशीलाच्या मामांच्या हातात. पांढरी टोपी, सत्तरी ओलांडलेली, गावात शब्दाला वजन.

सुशीलाने पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीकडे बोट दाखवलं. “त्या मेहरूनचाची. त्यांच्यासाठीच म्या तुला बोलावलंय.” गावातली मुसलमान घरं कैक पिढ्यांची. त्यांच्या कब्रस्तानाची जुनी गाडीवाट उसाखाली गेली होती आणि मधल्या ओढ्यावर पूल नव्हता. चाचीचा नवरा आजारी, खाटेवर. आपल्याला शेवटी कुठून नेणार, हा एकच घोर त्याला लागलेला. चाची आज तेच मांडणार होती.

आणि सुरू झाले सत्कार! ग्रामपंचायतीतर्फे, सोसायटीतर्फे, भजनी मंडळातर्फे, दोन तरुण मंडळांतर्फे, बचत गटातर्फे. शाल, श्रीफळ, हार. प्रत्येक सत्काराला टाळ्या आणि प्रत्येक टाळीनंतर ‘दोन शब्द’. नागरिकांनी बोलायचं ते सगळ्यात शेवटी. माझा जीव खालीवर व्हायला लागला. अरे, हारच घालत बसणार आहात की काही बोलणार? अध्यक्षबाईंना पुढच्या गावी जायचं होतं. त्या दोनदा घड्याळाकडे बघून झाल्या, आणि नागरिकांची वेळ नारळांतच संपली. मी तणतणत उठणार, एवढ्यात सुशीलाने माझा पदर ओढला. “खाली बस. आभार व्हायचेत आजून.”

मामांनी माईक तोंडाजवळ नेला. “आता आभार. आभार मानतील आपल्या मेहरूनचाची.”

आपल्याकडे काहीही होवो, आभार झाल्याशिवाय सभा संपत नाही आणि पाहुणे उठत नाहीत. उठायला निघालेल्या अध्यक्षबाई पुन्हा टेकल्या.

चाची उभी राहिली. माईक दोन्ही हातांनी धरला.

“आभार मानायला उभी हाय. माझ्या सासऱ्यांची मयत वढ्यातनं न्हेली, तवा कमरंइतकं पाणी हुतं. ज्यांनी ज्यांनी खांदा दिला, हिंदू आन् मुसलमान, त्या समद्यांचं आभार. जावंला न्हेली तवा उसातनं वाट काढाय लागली. पुढं हून ज्यांनी पाचट बाजूला केलं, त्यांचं आभार. हापिसात आमचा अर्ज घेतला, पुन्यांदा घेतला, त्यांचं बी आभार.” मांडवात हसू फुटलं आणि लगेच विरलं. “माझं मालक रोज इचारत्यात, मला कुठनं न्हेणार? म्या काय सांगू? तेवढं एका रस्त्याचं आभार ऱ्हायलं. त्यो झाला की मानीन. तवर माझं आभार अर्धंच.”

आणि ती खाली बसली!

कुणी उठेना. उठणार कसं? आभार कुठे पुरे झाले होते? शाब्बास गं बाई, असं मी मोठ्यानेच म्हणाले म्हणे, सुशीला अजून चिडवते.

अध्यक्षबाईंनी गळ्यातला हार काढून ठेवला. “म्हणजे सभा चालू आहे. चला, उरलेली रस्त्यावर घेऊ.”

अख्खा मांडव ओढ्याकडे निघाला. अध्यक्षबाईंनी साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरल्या. पलीकडे ऊस डोक्याएवढा. मामा सगळ्यांच्या पुढे होते. ते थांबले आणि भावकीकडे (कुळातल्या भाऊबंदांकडे) वळून म्हणाले, “उसाच्या पयल्या दोन सऱ्या माझ्याच हायत वाटंत. म्या उद्या काढतो. तुमचं बोला.” चारचौघांत, समितीसमोर, कोण नाही म्हणणार? एकेकाने मान डोलावली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “आमच्या हातात शिफारस आहे, पैसा नाही.” पण ओढ्यावर मोरीसाठी सिमेंटच्या नळ्या टाकाव्यात आणि वाट मोजून द्यावी, ही शिफारस त्यांनी तिथेच, ओल्या पायांनी, सगळ्यांना वाचून दाखवली.

परतताना मी मामांना गाठलंच. “तुम्हाला ठाऊक होतं, मग आधीच का नाही काढला ऊस?”

“ताई, म्या एकट्यानं काढला असता, तर भावकी म्हणली असती, म्हाताऱ्याला याड लागलं. आता समद्या गावानं ऐकलंय. म्हणून तर माईक तिच्या हातात दिला.”

मी हात जोडले.

पुण्याला परतताना खिडकीशी बसून मनात तेच घोळत होतं. हक्क मागायचा म्हणजे आवाज चढवावा लागतो, अशी माझी समजूत. या बाईने आवाज जराही न चढवता सगळ्या गावाला जागेवर बसवून ठेवलं, आणि गावही असं की बसून राहिलं. इतकी शहाणी माणसं मी कुठल्याच थंड हवेच्या ठिकाणी पाहिली नाहीत.

पावसाळ्याआधी चाचीचा फोन आला. नळ्या पडल्या, मुरूम पडला. मामांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून चाचांना रस्ता दाखवून आणला होता.

“काय म्हणाले चाचा?” मी विचारलं.

“पार शेवटापत्तुर गेलं, झाडाखाली बसलं, च्या पिलं,” चाची हसत होती की रडत होती, फोनवर कळेना. “म्हणलं, रस्ता झ्याक झालाय. आता मला काय घाई न्हाई.”