घोटभाऊंचा पेला

पाणीपुरवठा खात्यात तपासनीस म्हणून उभे आयुष्य काढलेल्या त्या गृहस्थांना सारे गाव घोटभाऊ म्हणे. गढूळ पाण्याची तक्रार आली की ते नमुना प्रयोगशाळेकडे पाठवत. अहवाल निर्दोष आला, तर पुन्हा त्याच नळाशी जात आणि तक्रार करणाऱ्यासमोर घोटभर पाणी पिऊन दाखवत. अहवाल वाचायला कुणाला सवड नव्हती. विश्वास होता तो त्यांच्या घशावर. "भाऊंनी गिळलं ना? मग आपण बिनघोर!"

खालच्या वस्तीतल्या नळांना सांडपाण्याचा वास येऊ लागला, तेव्हा मात्र अहवाल यायच्या आतच खात्याच्या साहेबांनी त्यांना कॅमेऱ्यांपुढे उभे केले. "वस्तीतल्या नळाचंच आहे," म्हणत भरलेला पेला हाती दिला. पहिल्याच घोटाला भाऊंना कळले, हे कचेरीतल्या फिल्टरचे पाणी. पेला खाली ठेवणे अवघड नव्हते. पण समोर दिवे होते, पाठीवर साहेबांचा हात होता. भाऊंनी पेला रिकामा केला. वर मिशी पुसून हसलेही.

अहवाल वाईट आला. साहेबांनी हात झटकले. "अहवालांचं काय हो, एक असं म्हणतो, दुसरा तसं. आणि प्यायलात तुम्ही, मी थोडाच प्यायलो?"

त्याच वस्तीत भाऊंची थोरली बहीण राहत असे. ते धावत पोचले तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसली होती. उलट्यांनी डोळे खोल गेले होते.

"पाणी उकळत होतीस ना?"

"होते रे. मग तुला टीव्हीवर बघितलं, म्हटलं, उगाच कशाला गॅस जाळा. तू नको जिवाला लावून घेऊस. मीच काहीतरी शिळं खाल्लं असेन."

ती खापर स्वतःच्याच माथी फोडून घेत होती. भाऊंची मान वर होईना.

"अक्का, ते या नळाचं पाणी नव्हतं. मला कळलं होतं. तरी प्यायलो."

"मला दवाखान्यात ने," अक्का म्हणाली. "पण आधी शेजारणीला सांगून ये. तिच्या घरात तान्हं आहे."

शेजारीण नळाखाली बादली भरत होती. भाऊंनी काही न लपवता सगळे सांगितले. ती हसली.

"कुणी पढवून पाठवलं हो भाऊ? परवा पाणी चांगलं, आज वाईट! निवडणूक आली वाटतं जवळ."

"अहो, परवा मी खोटं वागलो."

"आणि आज खरं बोलताय, हे कशावरून?"

"माझं ऐकू नका," भाऊ म्हणाले. "अक्काला येऊन बघा."

शेजारीण उंबऱ्यापर्यंत आली. तिने अक्काकडे पाहिले, मग भाऊंकडे, आणि परत फिरली. भिंतीपलीकडे नळ बंद झाला.

भावाकडे न बघता अक्काने अंगावरची चादर तोंडावर ओढून घेतली. तिला उचलताना ती चादर बाजूला सारायला भाऊंचा हात धजला नाही.