दोन ते तीनचं भजन

आजारी माणसाच्या अंगात बळ नसतं, पण किस्से मात्र त्याच्याकडं आपल्या पायानं चालत येतात. मी दीड वर्ष घराबाहेर फारशी पडले नाही, तरी एवढे जमले की सांगून मोकळं झाल्याशिवाय चैन पडायचं नाही. तुम्ही बसा निवांत. मधेच मी थांबले तर रागावू नका, डॉक्टरांनीच सांगितलंय तसं.

सुरुवात चिकनगुनियानं झाली. ताप आठ दिवसांत गेला, थकवा काही जाईना. कणीक मळली की हात गळायचे. वेणी घालायला बसले की अर्ध्यात आडवी! घरात मी संध्याकाळी पंधरा मुलांची शिकवणी घ्यायचे, ती बंद पडली. ते मला फार लागलं. पोरांचा गलका नसलेलं ते संध्याकाळचं घर मला खायला उठायचं.

मग तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो, काही म्हणून सोडलं नाही. रिपोर्ट आले त्या दिवशी आमचे हे दारातूनच ओरडले, "सगळं नॉर्मल!" हातात पेढ्यांचा पुडा! मी ढसाढसा रडायला लागले.

"अगं, काहीच निघालं नाही, मग रडतेस काय?"

"काहीच निघालं नाही म्हणूनच!"

पेढे शेवटी त्यांनी एकट्यानंच खाल्ले.

* * *

आजारी माणसाला बघायला येण्याची आपल्याकडं पद्धत आहे. चांगली आहे, पण आजारी माणूस घरची सून असेल तर चहा कोण करणार, याचा विचार ती पद्धत पाडणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

एकदा तेर गावची मावशी आली. दारातूनच सुरू, "उठू नको गं बाई, पडून ऱ्हा. काय ही दशा झाली लेकराची!" डोळ्याला पदर लावला. पाच मिनिटांनी पदर खाली आला. "तेवढा चहा मात्र तुझ्या हातचाच पायजे. लई दिवस झालं."

केला. दूध उतू जाऊ नये म्हणून ओट्याला धरून उभी राहिले आणि मग तिथंच फरशीवर बसले. मावशीनं बशीत ओतून चहा प्यायला, बशी खाली ठेवली आणि सासूबाईंना म्हणाली, "हिला काय झालं न्हाय बगा. आजारी बाईच्या हातचा चहा असा होत न्हाय!"

एवढ्या तपासण्या केल्या, पण चहावरून निदान पहिल्यांदाच झालं!

* * *

शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. क्रॉनिक फटीग सिंड्रोम. नाव मिळालं याचाच मला एवढा आनंद झाला की येताना बसमध्ये चार वेळा चिठ्ठी वाचली.

घरी आत्याबाई भाजी निवडत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मोठ्या थाटात नाव सांगितलं.

"म्हंजी काय?"

"म्हणजे लांबलेला थकवा. विश्रांती घेऊनही न जाणारा."

आत्याबाईंनी मेथीची काडी मोडली. "ह्ये सांगायला सोलापूर कशाला? मला बी हाय की, तीस वर्सं झाली."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, थकायच्या आधी थांबायचं. आणि रोज दुपारी एक तास डोळे मिटून आडवं व्हायचं."

"थकायच्या आदी? आमी तर थकल्यावर बी कवा थांबलो न्हाय!" एवढं बोलून त्या पुढची जुडी सोडायला लागल्या.

* * *

त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या बाकड्यावरच आमची टोळी जमली. आमच्या भूम गावात दोन-दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या आम्ही तिघी पहिल्यांदा भेटलो त्या सोलापुरात! दुसरी सुनंदा, एसटीत कंडक्टर. तिसरी मंगलाक्का, किराणा दुकानवाल्यांच्या घरची, आमच्यात वयानं मोठी. आजार तिघींचा एकच आणि तक्रारही एकच, की अंगावर दिसत काहीच नाही.

सुनंदा उभी राहिली की तिला चक्कर यायची, म्हणून ती सीटवर बसून तिकिटं द्यायची. एकदा एक जाकीटवाले पाहुणे तिला म्हणाले, "कंडक्टरबाई, धडधाकट दिसताय की! जरा उठून तिकीट द्यायला काय होतं?"

सुनंदा शांतपणे म्हणाली, "दिसण्यावर जायचं का मंग? दिसायला तर तुमी बी पंच्याहत्तरीच्या पुढचे दिसताय. फुकट सोडते, बसा!"

अख्खी गाडी हसली. पाहुणे पन्नाशीचे होते. त्यांनी स्वतः उठून, पुढं येऊन पूर्ण तिकीट घेतलं.

* * *

आता खरी पंचाईत त्या दुपारच्या तासाची होती. आमच्याकडं बाई दिवसा आडवी झाली तर एक तर तिला ताप असतो, नाही तर ती बाळंतीण असते. मी पाठ टेकली की कुठून तरी आवाज यायचाच, "अगं, झोपलीस काय? काय न्हाय, सहज इचारलं!"

मंगलाक्का म्हणाली, "घरात झोपायची सोय न्हाय, तर बाहीर जाऊन झोपू. आमच्या दुकानावरची माडी रिकामी हाय."

"पण घरी काय सांगायचं?"

"बाई देवाचं करायला निघाली की कोण अडवतंय तिला? भजनी मंडळ म्हणायचं!"

झालं! सुनंदानं पहाटेची ड्युटी मागून घेतली. रोज दोन वाजता मी पिशवीत टाळ घालून निघायचे. माडीवर सतरंजी अंथरलेली असायची. खाली दुकानात ऐकू जावं म्हणून मंगलाक्का सुरुवातीला दोन मिनिटं टाळ बडवायची. मग तिघी आडव्या! तीनला पुन्हा दोन मिनिटं टाळ, की शाळा सुटली.

एकदा घरी आले तर आत्याबाई माझ्या तोंडाकडं बघतच राहिल्या. "भजनात गालावर सतरंजीची नक्षी कशी गं उठली?"

"ते... नमस्कार करताना!"

"लईच लांब नमस्कार झाला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

* * *

तीन-चार महिन्यांनी फरक पडायला लागला. सरळ रेषेत नाही हं! एक दिवस बरं वाटलं म्हणून मी स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून काढले. पुढं चार दिवस उठता आलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "काल तर नाचत होतीस!" त्याचंच बिल होतं ते, पण सांगणार कुणाला?

तरी माडीचा जिना मधे न बसता चढायला लागले. शिकवणीला दोन मुली परत आल्या, मग पाच. ज्या दिवशी सलग अर्धा तास शिकवलं, त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली. खरोखर ठेवली. हा माडीवरचा तास सुटला तर पुन्हा अंथरूण धरावं लागेल, ही भीती मात्र रोज असायची.

आत्याबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "गोळ्यांनी न्हाय, भजनानं बरी झाली माझी सून!"

आणि तिथंच घात झाला.

* * *

गल्लीतल्या मंदिराचा वर्धापनदिन होता. महाप्रसादाच्या आधी बायकांचं भजन ठरलं आणि आत्याबाईंनी परस्पर आमचं नाव दिलं! मला कळलं ते आदल्या दिवशी, मंदिराच्या फळ्यावर लिहिलेलं वाचून.

आमच्या तिघींपैकी एकीलाही अभंगाची दुसरी ओळ येत नव्हती. सुनंदा म्हणाली, "मला बदली मिळती का बघते." मी ठरवलं, आत्याबाईंना खरं सांगून टाकायचं. पण सांगितलं की माडी गेली. माडी गेली की शिकवणी गेली. तसेच टाळ पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. सगळ्या बायका पहाटे चारपासून पुऱ्या लाटून आलेल्या, हाताला अजून पीठ. आत्याबाई पुढच्या रांगेत. पलीकडं पुरुषांची पंगत बसलेली. भजन संपलं की बायकांनी उठून वाढायचं, असं ठरलेलं.

मंगलाक्कानं सरळ माईक हातात घेतला.

"आमच्या मंडळाची रीत येगळी हाय. आमी मौन भजन करतो. समद्यांनी पाय लांब करा. टेका, आडव्या व्हा, कशा बी ऱ्हावा. डोळे मिटा आन् नाव मनातल्या मनात घ्या. टाळ वाजंस्तोर कुणी उठायचं न्हाय!"

आणि तिनं एकदाच टाळ वाजवला. टन्न!

आधी थोडं खुसुखुसु झालं. मग शांतता. मग बांगड्या सतरंजीला लागल्याचे आवाज, एक इथं, एक तिथं. मी भीतीनं डोळे मिटले ते मिटलेच.

माईक चालूच राहिला होता. त्यामुळं पहिलं घोरणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात! पंगतीतली माणसं पत्रावळीपुढं ताटकळलेली. शेवटी सासरे तणतणत मंडपात आले. त्यांच्या आवाजानंच मला जाग आली. सगळा मंडप आडवा. कुणी कुणाच्या खांद्यावर, कुणी हातावर डोकं टेकून. मंगलाक्काच्या हातातून टाळ गळून पडलेले.

"अगं, पंगत बसलीय! काय चाललंय काय ह्ये?"

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या कुशीवर निजलेल्या. त्यांनी फक्त एक डोळा उघडला. गालावर सतरंजीची नक्षी लख्ख उठलेली.

"हळू बोला जरा," त्या म्हणाल्या. "भजन चालू हाय. तुमी वाढून घ्या."