चौगुले मॅडमच्या हळदीच्या नळ्या

चौगुले मॅडमनी चहाचा कप पुढे केला की त्याच्या कानावर पिवळी बोटं उमटलेली असायची. सांगलीच्या कॉलेजात आम्ही दोघी पदार्थविज्ञान शिकवायचो. त्या आष्ट्याच्या, जैन शेतकऱ्याची लेक, दिवस मावळल्यावर न जेवणाऱ्या. बाईमाणूस असून सगळ्यांना ‘गड्या’ म्हणायच्या.

कॅन्सरच्या पेशंटला किरण देण्याआधी ते नेमक्या जागी, हवे तेवढेच पडतात का, हे तपासावं लागतं. मॅडमना त्यासाठी स्वस्त उपाय हवा होता. चायना ग्रासच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, जेलीत त्या हळदीचा अर्क मिसळून काचेच्या नळ्यांत भरायच्या. किरण जितके जास्त, तितका रंग फिका, असा त्यांचा हिशेब. जिलेटिन जनावराचं, म्हणून त्याला हात लावत नसत. “घरात चालत न्हाई ते इथं तरी कशाला, गड्या?”

दवाखान्यात किरण देऊन आणलेल्या नळ्या खरोखरच फिक्या निघायच्या. कॉलेजच्या कपाटातल्या पिवळ्याधमक राहायच्या. पेपरात बातमी आली. दवाखाना त्या नळ्या वापरायला तयार झाला. मॅडमच्या वडिलांनी, आप्पांनी, गावात सत्कार ठेवला.

आदल्या दिवशी आम्ही नळ्या घेऊन दवाखान्यात गेलो, तर मशीन बंद. नेहमीसारख्या नळ्या तिथल्या खिडकीत ठेवून दुपारभर वाट बघितली आणि तशाच परत आणल्या. कपाटातल्या नळ्यांशेजारी लावल्या, तर फिक्या! किरण तर लागलेच नव्हते.

मॅडम स्टुलावर बसल्या. “उन्हानं उडाला गं रंग. दर वेळी उन्हानंच. आणि ह्याच्या भरवशावर मी पेशंटला किरण द्यायला सांगणार होते.” त्यांची कानशिलं लाल झाली होती.

मॅडमनी आधी दवाखान्याला कळवलं, मग आप्पांना फोन लावला.

“आगं, मांडव घातलाय,” आप्पा म्हणाले. “उद्याचा एक दिस गप बस. मग सांग काय ते.”

“शाल घेतल्यावर कुठल्या तोंडानं सांगू, आप्पा?”

दुसऱ्या दिवशी शाल यायच्या आधीच त्यांनी माईक घेतला. “माझं चुकलं. रंग उन्हानं उडत होता, मी किरणांनी म्हणून सांगितलं. पेपरात आलंय ते खरं न्हाई.”

लोकांना ते समजलं नसावं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्या मांडवानं वाजवली. मॅडमनी पदरानं तोंड झाकलं. त्या नळ्या मीही कौतुकानं चार लोकांना दाखवल्या होत्या. मला मान वर करवेना. आप्पा पहिल्या रांगेत, मांडीवरच्या घडीच्या शालीकडे बघत बसले होते.

पुढे साताऱ्याला बदली झाल्यावर मॅडमनी तोच प्रयोग नळ्या काळ्या कागदात गुंडाळून पुन्हा मांडला. पण मला आठवते ती सत्काराच्या दिवशीची संध्याकाळ. मांडवातून आम्ही आप्पांच्या घरी आलो. घराच्या पुढच्या सोप्यात मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आप्पांनी फेटा काढून ठेवला.

“तुझ्या त्या रंगापायी कुणाला इजा झाली का?”

“न्हाई, आप्पा. वापरायच्या आधीच कळलं.”

 मग आप्पा आत हाक मारून म्हणाले, “ताट वाढा गं. दिवस मावळायच्या आत जेवू दे तिला.”