गंगूबाईंचे डबे

नाशकात माझे पाय टिकले ते एका बाईंमुळे. काय घडलं ते सांगतेच, पण आधी त्यांचं सांगू द्या. माझी शाळा सातवीत सुटली. लिहायला बसले की धाकधूक होते, मुद्द्याचं माणूस राहून जायचं आणि पान संपायचं.

भांडी बाजारातल्या आमच्या दुकानात त्या आल्या की आधी कशालाही हात लावायच्या नाहीत. फक्त बोटाच्या पेराने टिचकी मारायच्या. टण्ण. मग मान तिरकी करून, नाद पुरता विरेपर्यंत ऐकायच्या. शेठ तोवर श्वास रोखून उभे. आवाज मनासारखा असला तर म्हणायच्या, "घेतलं. नाव घाल." नसला तर, "शेठ, हे भांडं नाही, पत्र्याला पोक आलंय."

महापालिकेच्या शाळेत त्या शिकवायच्या. दुकानात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, म्हणून मीही इथे बाईच म्हणते.

नावं घालायचं काम माझं. दुकानाच्या दाराशी एक स्टूल, एक बटणाचं मशीन. हातात जाडसर पेनासारखं धरायचं, कुर्रर्र करत स्टीलवर अक्षरं उमटवायची. माझं गाव यवतमाळकडे, दिग्रसच्याही पुढे. लग्न होऊन इथे आले, दुसऱ्याच वर्षी नवऱ्याला कंपनीने ब्रेक दिला, घरात सहा महिन्यांची पोर. माझ्याकडे एकच गोष्ट बरी होती, अक्षर. शेठनी चिठ्ठीवर चार नावं लिहून घेतली आणि म्हणाले, "महिनाभर बघू." त्या 'बघू'वर आमची चूल चालली होती. परतीच्या एसटीचं भाडं मी कायम पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेलं असायचं. कधी पळावं लागेल कुणी सांगावं.

बाई तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर असतील. पगाराच्या आठवड्यात हमखास यायच्या आणि प्रत्येक गोष्टीवर नाव घालून न्यायच्या. पातेलं, परात, झारा. एकदा गाळणी घेऊन आल्या.

"बाई, गाळणीवर कुठे घालू? सगळी भोकंच आहेत."

"कडेला घाल. चहा काय म्हणेल, कुणाची गाळणी म्हणून?"

शेठशी घासाघीस म्हणजे तर बाजाराची करमणूक. पाच रुपयांसाठी दोघं पाऊण तास भांडत. शेजारचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून ऐकायला येत. बाई तीनदा रागावून पायरी उतरायच्या, तीनदा शेठ हाक मारायचे. तुम्हीही पाहिली असतील अशी भांडणं. दोघांनाही शेवट माहीत असतो, पण मधलं काही गाळायचं नसतं.

मग त्यांनी नाशिकरोडच्या वाटेवर, उपनगर भागात घर बांधलं. स्वतःच्या पगाराचं, दोन खोल्यांचं. वास्तूसाठी सात डब्यांचा संच घेतला, जाड पत्र्याचा, एकात एक बसणारा. या खेपेला नाव तोंडी सांगितलं नाही, चिठ्ठी दिली. निळ्या शाईत, पाटीवर लिहावं तशा वळणदार अक्षरात दोनच शब्द होते: भागाबाईची लेक.

मी वर पाहिलं. "तुमचं नाव नाही?"

"हे माझंच नाव आहे," त्या म्हणाल्या. मग पाढा म्हणून दाखवावा तशा सरळ आवाजात सांगून गेल्या, "आईला गावात पाणी वरून ओंजळीत मिळायचं. भांड्याला हात लावायची सोय नव्हती. आता माझ्या घरात भांडं उचलणाऱ्याने आधी तिचं नाव वाचायचं. उद्या चारला येते."

दुसऱ्या दिवशी लाइट गेली, ती दुपारी तीनला आली. माझ्यासमोर दोन कामं मांडलेली होती. एक बाईंचे डबे, दुसरे एका कुटुंबाचे एकतीस तांबे, आजीच्या वर्षश्राद्धाला वाटायचे. ज्याची चिठ्ठी त्याच्या भांड्यात खोचून ठेवायची, ही आमची रीत. लाइट आली तसा डोक्यावरचा पंखाही गरगरला आणि दोन्ही चिठ्ठ्या उडाल्या. मी झटकन उचलल्या, परत खोचल्या आणि घड्याळ बघत सुटले. हातातल्या अक्षरांपलीकडे काही बघायचं नाही, नाहीतर वळण बिघडतं, असं शेठनीच शिकवलेलं. सातही डबे झाले. अक्षर काय सुरेख आलं होतं!

चारला बाई आल्या. शेठनी कौतुकाने मोठा डबा वर धरला आणि मोठ्याने वाचला:

"कैलासवासी गंगूबाई यांच्या स्मरणार्थ."

 मी डब्यातली चिठ्ठी काढून बघितली, ती तांब्यांची होती. वास्तू परवावर आलेली. आणि भिंतीवर पाटी, 'नाव घातलेले भांडे परत घेतले जाणार नाही'. घासून काढलं तरी खुणा राहतात, ते डबे मग मोडीतच जायचे. शेठ माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर ते 'बघू' संपल्याचं स्पष्ट दिसत होतं.

"काय केलंस गं हे?"

बाईंनी डबा हातात घेतला. वाचला. माझ्याकडे पाहिलं. मग पेराने टिचकी मारली आणि नाद विरेपर्यंत ऐकला.

"मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"अहो, पण चिठ्ठीवर..."

"आयत्या वेळी बदलली चिठ्ठी."

"या गंगूबाई तुमच्या कोण?"

"भांडं घ्यायला तुमच्याकडे नातं सांगावं लागतं का, शेठ? आणि अक्षरं वाढली म्हणून पैसे वाढवू नका. माणूस वारलंय, थोडी तरी लाज ठेवा."

वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला बाकावर उभं करणाऱ्या बाई! शेठनी गुपचूप पाच रुपये कमी केले. बाईंना ते पहिल्यांदाच घासाघीस न करता मिळाले.

मी त्यांच्यामागे शालिमार चौकापर्यंत धावले. पदरानेच डोळे पुसत होते.

"काहून रडतेस?" माझीच बोली मला परत करत त्या म्हणाल्या. "डब्यात शेवटी डाळच राहणार ना? तू यवतमाळला गेलीस तर माझ्या गाळणीवर नाव कोण घालेल?"

"पण तुमच्या आईचं..."

"तिने लय वाट बघितलीय. अजून थोडी बघेल. पुढच्या खेपेला घालू." मग त्यांचं लक्ष माझ्या पदराच्या गाठीकडे गेलं. "यात काय आहे?"

मी सांगितलं.

"हा कशाचा खर्च म्हणायचा?"

"भीतीचा, बाई."

"वेडी आहेस. विशीत पैसा अंगावर घालवायचा असतो. माझ्या पहिल्या पगाराची मी उंच टाचेची चप्पल आणली. वडील म्हणाले, ज्वारी आणायची होती. मी म्हटलं, आधी उंची. तिशीत घरावर जातो, चाळिशीत पोरांवर. तू एकदम शेवटच्या पानावर कशी गेलीस?"

"आणि पन्नाशीत?"

"पन्नाशीला पोचू दे, मग बघून सांगते. स्वतः न बघता मी शिकवत नाही."

वास्तूला आलेल्या पाहुण्यांनी म्हणे डबे वाचले आणि हळहळले. "आजारी होत्या का?" कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही, अचानकच झालं सगळं."

तेव्हापासून गंगूबाई त्यांच्या घरातल्याच झाल्या. दुकानात आल्या की मी त्यांची खुशाली विचारायची. "बऱ्या आहेत. पावसाळ्यात शेंगदाणे सादळू दिले नाहीत. धाकट्या गंगूबाईंचं झाकण मात्र तिरकं बसतं, स्वभावच तसा."

पण ती 'पुढची खेप' काही आली नाही. बाईंची लेक दहावीला गेली आणि बाईंचं भांडी घेणंच थांबलं. एकट्या बाईंच्या पगारात क्लासची फी, कॉलेज, मग पुण्याला होस्टेल. त्या यायच्या, दोन-चार भांड्यांना टिचकी मारायच्या, नुसतं ऐकून परत जायच्या. छत्रीची काडी दोऱ्याने बांधलेली. शेठ चिडवत, "काय बाई, आमच्यावर रुसलात?"

"शेठ, माझी भांडी सध्या पुस्तकांच्या दुकानात आहेत. वाजत नाहीत, पण महाग आहेत."

होस्टेलसाठी एक डबा तेवढा घेतला. त्यावर लेकीचं नाव, खोली नंबर, कॉलेज, सगळं घालायला लावलं. झाकण भरून गेलं तेव्हा म्हणाल्या, "खाली जागा आहे का? 'संपवून टाकणे' असंही घाल."

मधल्या काळात माझंही बस्तान बसलं. नवऱ्याला सातपूरला पक्की नोकरी लागली. एका दिवाळीच्या बोनसला मी घाबरत घाबरत पदराची गाठ सोडली, त्यात थोडी भर घातली आणि मोरपंखी साडी घेतली. तीच नेसून दुकानात गेले. बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता टिचकी मारतात की काय!

"आली बाई विशीत," त्या म्हणाल्या. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते.

लेक नोकरीला लागली आणि बाईंचा खर्च पुन्हा बदलला. त्या रिक्षाने येऊ लागल्या. सीबीएस बसस्टँडपासून तंगडतोड करत येणारी बाई दुकानासमोर रिक्षातून उतरताना पाहून शेठ उभेच राहिले. पायात जाड मऊ तळव्याचे बूट, साडीखाली. द्राक्षं घ्यायची तर पेटीतली, निवडक. आणि एके दिवशी म्हणाल्या, "हलकं पातेलं दाखवा."

शेठना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "हलकं? तुम्हाला?"

"मनगट दुखतं. दोन्हीकडे कान असलेलं द्या, छोटं. आता कुणाला दाखवायचंय? भात शिजला पाहिजे आणि मला उचलता आलं पाहिजे."

टिचकी मारली नाही. मी मशीनचं बटण दाबलं, तर म्हणाल्या, "नाव नको. घरात मी एकटीच आहे, नेणार कोण? आणि नेलं तर नेलं."

किंमत ऐकून सरळ पाकीट उघडलं. शेठचा चेहरा पडला. "बाई, काही म्हणा तरी. जास्त सांगितलीय मी."

"घासाघिशीला दम लागतो, शेठ. तो मी जिन्यासाठी ठेवते."

शेठनी स्वतःहून वीस रुपये कमी केले, वर दिवसभर कुरकुरत राहिले. "मजा गेली धंद्यातली," म्हणाले.

निघताना मी विचारलं, "बाई, पन्नाशीत कशावर?"

"गुडघ्यांवर. लिहून ठेव."

"आणि साठीत?"

"घंटा झाली. वर्ग सुटला."

निवृत्तीनंतर दीडेक वर्षाने त्या शेवटच्या आल्या. लेकीची बदली बंगळूरला झालेली, तीच न्यायला आली होती. उपनगरचं घर भाड्याने दिलं. सामान बरंचसं वाटून टाकलं. गाळणी शेजारणीने मागून घेतली, नावासकट.

"आणि गंगूबाई?"

"त्यांना एकटं कसं टाकू? चालल्यात माझ्याबरोबर. रेल्वेत खालचा बर्थ दिलाय."

मग त्यांनी शेठना सात डब्यांचा संच काढायला सांगितला, जाड पत्र्याचा. बऱ्याच वर्षांनी टिचकी मारली. टण्ण. मान तिरकी केली, ऐकलं.

"घेतलं. नाव घाल."

मला आनंदच झाला. "आईंचं ना? भागाबाईंचं?"

"नाही. तुझं."

सतरा वर्षांत मी किती नव्या जोडप्यांची, किती देवळांची, किती मेलेल्यांची नावं घातली असतील. माझ्या घरात एका चमच्यावरही माझं नाव नव्हतं. फुकटात घालता आलं असतं, कधी सुचलंच नाही. पहिल्या डब्यावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढताना रेघ वाकडी गेली.

"बाई, साठीत पैसा कशावर जातो?"

"मशीनकडे बघ. वळण बिघडतंय."

सातवा डबा होईपर्यंत त्या शेजारी उभ्या राहिल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला म्हणाल्या, "थांब रे, परीक्षा चाललीय." मग माझ्या डोक्यावर पेराने हलकीच टिचकी मारली आणि गेल्या.

ते डबे माझ्या घरात आहेत. तांदूळ काढताना रोज माझं नाव वाचते, पहिलं अक्षर वाकडंच आहे. आणि सगळ्यात लहान डब्यात एक चिठ्ठी आहे. त्या दिवशी पंख्याने उडवलेली, निळ्या शाईची. ती मी तेव्हा एकतीस तांब्यांतून काढून जी लपवली, ती आजवर जपलीय. बाईंनी माझी नोकरी वाचवायला जे नाव मागे ठेवलं, ते त्यांच्या घरात अजून कुठेच नाही.

पदराला मी पुन्हा गाठ मारलीय. या वेळी बंगळूरच्या तिकिटाची. शेठनी जुनं मशीन न्यायला हो म्हटलंय. हलका डबा घेईन, दोन्ही बाजूंना कान असलेला, त्यांच्या मनगटाला झेपेल असा. त्या 'नाव नको' म्हणतील, म्हणू देत. त्यांच्या ओट्यावर बसून, पंखा आधी बंद करून, त्यावर मी घालीन: भागाबाईची लेक.