गौरीच्या झोपाळ्यातला कॅमेरा

मुलांनो, तुमच्या या आजीच्या मावशीइतकं जग पाहिलेलं माणूस साऱ्या सोलापुरात दुसरं नव्हतं, आणि तिच्याइतकं कुणाचंही न ऐकणारं तर नव्हतंच. ती माझ्या आईची थोरली बहीण. बाराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी वैधव्य. पुढे हट्टाने शिकून ती मास्तरीण झाली आणि एका संस्थानच्या राणीसाहेबांना इंग्रजी शिकवायला राहिली. राणीसाहेब जगप्रवासाला निघाल्या तेव्हा दुभाषी म्हणून हिला बरोबर घेऊन गेल्या. जपान, इजिप्त, स्वित्झर्लंड पाहून मावशी परतली ती चार पेट्या आणि एक कॅमेरा घेऊन. राणीसाहेबांना त्या कॅमेऱ्याचा आठवड्यात कंटाळा आला होता. मावशीला तो जन्मभर आला नाही.

सोलापुरात ती विणकरांच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायची. तिच्यापुढे उन्हाची तक्रार करायची सोय नव्हती. "इजिप्तमध्ये याला थंडी म्हणतात," असं सांगून ती भर दुपारी छत्रीशिवाय बाहेर पडे. जेवताना शेंगाची चटणी जपानी रीतीने दोन काड्यांनी उचलून दाखवी, एकेक कण, आणि तोवर आमच्या भाकऱ्या गार होत. स्वित्झर्लंडच्या गुराख्यांची हाळी एकदा तिने गच्चीवरून अशी घातली की गल्लीतल्या मागांची खटखट थांबली आणि बाईला काही झालं समजून समोरच्या तेलुगू आजीबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत वर आल्या. मावशीने पाणी पिऊन टाकलं आणि पुन्हा हाळी घातली.

मी अकरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. चैत्र लागला आणि मावशीने जाहीर केलं, यंदा माझ्याकडे हळदीकुंकू. चैत्रात गौर माहेरपणाला येते, झोपाळ्यात बसते, तिच्यापुढे पायऱ्यांची आरास मांडतात आणि बायका एकमेकींकडे ती पाहायला, आंब्याची डाळ खायला जातात. विधवेने हे करायचं नाही, हे तेव्हा कुणाला सांगावंही लागत नसे. मावशीने पायऱ्या मांडल्या. खेळण्याफळांच्या जागी स्वतः काढलेले देशोदेशीचे फोटो उभे केले आणि झोपाळ्यात चक्क कॅमेरा बसवला. म्हणाली, "एवढं जग हिंडून आलाय. माहेरपण त्याचंच."

आमच्या आजोबांनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, ओसरीवरून फर्मान काढलं: जी बाई तिथे जाईल तिला आळीतल्या एकाही घरचं बोलावणं येणार नाही. आई आत डाळ वाटत होती, ती वाटतच राहिली. मी मावशीला हे सांगायला गेले तेव्हा ती जपानी झग्याची बाही शिवत होती. "कुणी नाही आलं तर मी एकटी पाहीन. पायऱ्या उतरवणार नाही," ती म्हणाली. पण सुईत दोरा तिला तीनदा ओवावा लागला.

हळदीकुंकवाच्या दिवशी चार वाजेपर्यंत कुणी फिरकलं नाही. समोरच्या आजीबाईंच्या ओट्यावर आमच्या आळीतल्या बायका जमल्या होत्या, पण रस्ता ओलांडत नव्हत्या. पहिली आली ती दूधवाली. तिने सवयीने झोपाळ्यातल्या कॅमेऱ्याला कुंकू लावून नमस्कार केला आणि मग फोटोंकडे वळली.

"ह्या कुटल्या बायका वो, मास्तरीणबाई?"

"नाईल नदीकाठच्या."

"पान्याला चालल्यात?"

"व्हय की."

"म्हंजी एवढी नदी असून बी हंडा डोक्यावरच म्हना."

एवढ्यात काठी आपटत आजोबा आले. "हा तमाशा आवरा, मास्तरीणबाई."

"आवरते, आबासाहेब. त्याआधी आपला एक फोटो काढू द्या. असा चेहरा मला परदेशातही मिळाला नाही."

आजोबांनी पगडी सारखी केली. मावशीने त्यांना आराशीकडे पाठ करून खुर्चीत बसवलं, कॅमेरा झोपाळ्यातून काढून समोर उभा केला आणि बजावलं, "हलायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही." मग तिने दारातून ओट्याकडे हात केला. बायका एकेक करून आल्या. आजोबांच्या पाठीमागे बांगड्या वाजत होत्या, मावशी झग्यात बारीक पावलं टाकत जपानी बाईसारखी वाकून डाळ देत होती, "अगं बाई, ही नवरी काळ्या बुरख्यात?" अशी फोटोंपुढे कुजबुज चालली होती. आजोबांचे कान लाल झाले, पण मान हलली नाही.

शेवटी आई आली. मावशीने कुंकवाची कोयरी दाराशी ठेवली होती, जिचं तिने लावून घ्यावं म्हणून. आईने कोयरी उचलली आणि मावशीपुढे धरली.

"अक्का, तू लाव."

"सासरे बसलेत तुझे."

"म्हणूनच. लाव."

जगाला न घाबरणाऱ्या मावशीचं बोट इतकं थरथरलं की कुंकू आईच्या नाकावर सांडलं. तशीच आई आजोबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मामंजी, डाळ घेणार?" आजोबा बोलू शकले नाहीत. फोटो बिघडला असता. फर्मान तिथेच संपलं, कारण आळीतली सगळी घरं ते मोडणारीच निघाली होती.

त्या कॅमेऱ्यात भिंगावरचं झाकण उघडं असेल तेवढा वेळ फोटो उमटत राही. ते झाकण मावशीने काढलंच नव्हतं. आजोबा आठ दिवस फोटो मागत राहिले. "पुढच्या चैत्रात पुन्हा बसावं लागेल," ती म्हणाली. पुढच्या चैत्रात ते न बोलावता आले, नवी पगडी घालून.

तो दुसऱ्या वर्षीचा फोटो या पत्रासोबत पाठवते आहे, जपून ठेवा. मधोमध आजोबा आहेत. मागच्या बायका हलल्यामुळे धुक्यासारख्या पुसट आल्या आहेत. झाकण काढून मावशी तशीच आईकडे वळली होती, म्हणून डाव्या कडेला आईचं कपाळ आहे आणि त्यावर टेकलेलं एक बोट, बाकी हात चौकटीबाहेर. मावशीचा एवढाच फोटो माझ्याजवळ आहे. ते बोट नीट पाहा. ते अगदी स्वच्छ आलं आहे. जराही हललेलं नाही.